मोरीवरची केळ काय खाते?

परसबागेतल्या केळीच्या खतांचा आढावा, सोलापूरच्या मातीतून

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत घरामागे चार हात मोकळी जागा उरली असेल, तर तिथे तुळस, कढीपत्ता, जास्वंद यांच्या जोडीला मोरीच्या कडेला एखादी केळ लावायची इच्छा होतेच. सत्यनारायणाला खुंट घरचे, नैवेद्याला पान घरचे आणि जमलेच तर वर्षाकाठी एखादा घड. पान आणि खुंट मिळतात. घडाचे मात्र गणित बसत नाही. केळ उंच वाढते, निसवायला दीड-दीड वर्ष घेते आणि निसवली तर चार-पाच फण्यांवर थांबते. मग ‘हिला खत काय घालावे?’ हा प्रश्न येतो आणि उत्तरे चारी बाजूंनी येतात. शेजारच्या आजी राख सांगतात, कोणी ताक ओतायला सांगते, नर्सरीवाला १९:१९:१९ ची पुडी देतो, मोबाइलवर केळीच्या सालींचे पाणी चाललेले असते आणि करमाळ्याहून आलेला पाहुणा सरळ युरिया-पोटॅशचे नाव घेतो.

यातले कोणीच खोटे सांगत नाही. प्रत्येकाचा अनुभव त्याच्या त्याच्या मातीतला आणि पाण्यातला आहे, एवढेच. हे सल्ले एकेक करून तपासले, की सोलापूरच्या परसातल्या केळीचे दुखणे ‘खत कमी पडते’ एवढ्यावर संपत नाही हे लक्षात येते. चुना आणि क्षार यांनी तिची भूक अडवलेली असते, आणि पूर्वी घरातूनच आपसूक मिळणारे पालाश बंद झालेले असते. खत निवडायचे ते या दोन गोष्टी समजून.

भूक मोठी, मुळे उथळ

केळ हे खरे तर झाड नव्हे. ज्याला आपण खोड म्हणतो ती पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. या कंदातून ती साधारण तीस-पस्तीस पाने टाकते आणि मग निसवते. एवढा पसारा वर्षभरात उभा करायचा म्हणजे भूक मोठी असणारच. पण मुळे बहुतेक सगळी वरच्या फूटभर मातीत आणि बुंध्यापासून दोन-अडीच फुटांच्या घेरात. खोल जाऊन शोधून खाण्याची सवय तिला नाही. म्हणून केळीला थोडे थोडे पण वारंवार द्यावे लागते, आणि बुंध्याला टेकवून न देता हातभर अंतरावर गोल चर काढून द्यावे लागते.

ती काय घेते याचा हिशेब शेतीशास्त्राने मांडलेला आहे. वीस किलोचा घड उतरवला, की त्याबरोबर सुमारे ४० ग्रॅम नत्र, पाच-सहा ग्रॅम स्फुरद आणि शंभर-सव्वाशे ग्रॅम पालाश जागेवरून निघून जाते. म्हणजे नत्राच्या अडीच-तीनपट पालाश. स्फुरदाची गरज त्यामानाने नगण्य. १९:१९:१९ सारखे तिन्ही अन्नद्रव्ये सारख्या प्रमाणात देणारे खत केळीला का जुळत नाही, ते इथेच कळते: स्फुरद गरजेपेक्षा कितीतरी जास्त जाते आणि पालाश अपुरे पडते.

शेतात आणि परसात एक मोठा फरक आहे. परसातून फक्त घड बाहेर जातो, तोही बहुधा शेजारपाजारपर्यंतच. पाने, खोड, कंद, केळफुलाची साले हे सगळे तिथेच राहू शकते, आणि त्यात पालाशाचा मोठा साठा असतो. घड उतरल्यावर खोड तोडून गटाराकडे टाकले जाते, तेव्हा आपण विकत आणायचे खत फुकट घालवत असतो.

शिफारशी काय सांगतात

महाराष्ट्रात केळीसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस सर्वमान्य आहे. जळगावचे केळी संशोधन केंद्र याच विद्यापीठाचे. दर झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश आणि लागवडीच्या वेळी १० किलो शेणखत असे हे प्रमाण आहे. खताच्या भाषेत सांगायचे तर युरिया ८२ ग्रॅम लागवडीनंतर ३०, ७५, १२० आणि १६५ दिवसांनी. नंतर ३६ ग्रॅम २१०, २५५ आणि ३०० दिवसांनी. सिंगल सुपर फॉस्फेट २५० ग्रॅम एकदाच, ३० दिवसांनी. म्युरेट ऑफ पोटॅश ८३ ग्रॅम ३०, १६५, २५५ आणि ३०० दिवसांनी. नत्राचा मोठा भाग पहिल्या साडेपाच महिन्यांत आणि पालाशाचा निम्मा भाग त्यानंतर, अशी ही रचना आहे.

तमिळनाडू कृषी विद्यापीठ बागायती जमिनीतल्या केळीला, नेंद्रन जात सोडून, ११० ग्रॅम नत्र, ३५ ग्रॅम स्फुरद आणि तब्बल ३३० ग्रॅम पालाश सांगते. दोन राज्यांच्या पालाशात एवढे अंतर असण्याचे एक कारण जमीन हे मानता येईल. दख्खनच्या काळ्या मातीत पालाश मुळातच बरे असते. शिफारस ही मातीची असते, केळीची एकटीची नसते, हे या दोन आकड्यांवरून समजावे.

सोलापूर जिल्ह्याला केळी नवी नाही. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी करमाळा आणि माढा तालुक्यांत, कंदर-टेंभुर्णीच्या पट्ट्यात, ग्रँड नैन म्हणजे जी-९ च्या बागा उभ्या आहेत आणि तिथला माल आखाती देशांत जातो. तिथे ऊतिसंवर्धित रोपे, ठिबक आणि ठिबकातूनच १२:६१:०, १३:०:४५, ०:०:५० अशी विद्राव्य खते दिली जातात. हे तंत्र उत्तमच, पण त्यामागे उजनीचे मुबलक पाणी, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि रोज मोजून देण्याची यंत्रणा आहे. पेठेतल्या परसात यातले काहीच नसते. उजनीचेच पाणी शंभराहून जास्त किलोमीटरचा प्रवास करून शहरात येते आणि नळाला ते वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड सुटत आले आहे. म्हणून शेतातला तक्ता परसात उतरवताना मात्रा निम्मी करावी आणि हप्ते वाढवावेत. उरलेला निम्मा भार शेणखताने उचलावा.

पेठेतली माती: काळी, पांढरी आणि चुन्याची

सोलापूरची जमीन काळी, चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी. सामू सहज आठच्या पुढे जातो, तर केळीला साडेसहा ते साडेसात मानवतो. त्यातही पेठेतल्या परसाची माती ही शेतातली माती नसतेच. जुन्या सोलापुरात धाब्याची घरे होती. धाब्यावर घालायला चुनखडीची पांढरी माती लागे. घर पडले किंवा पाडले, की ती माती, भिंतींचा चुना, विटांचा चुरा आणि मुरूम हे सगळे मागच्या अंगणात पसरले. त्यावर पुन्हा कधीतरी सिमेंटचा राडारोडा पडला. अशा जागेत खड्डा घेतला, की फावड्याला आधी खडी लागते, मग पांढरा थर आणि कधीकधी दोन फुटांवर काळी माती.

या चुन्यामुळे तीन गोष्टी होतात. एक, लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. नवे पान पिवळट-पांढुरके निघते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. दोन, स्फुरद चुन्याशी बांधले जाते, त्यामुळे सुपर फॉस्फेट नुसते मातीवर टाकून उपयोग नाही. ते शेणखतात मिसळून मुळांजवळ जायला हवे. तीन, युरिया मातीवर उघडा टाकला तर अमोनिया होऊन हवेत उडतो, आणि अल्कधर्मी मातीत जास्तच उडतो. टाकायचा तर चरात, वर माती, आणि लगेच पाणी.

लोहासाठी बाजारात हिराकस मिळते. ते चुनखडीच्या मातीत थेट टाकले तर चार दिवसांत निकामी होते. हिराकस आणि झिंक सल्फेट प्रत्येकी २५ ग्रॅम दहा किलो ओलसर शेणखतात मिसळून आठ-दहा दिवस मुरवावे आणि मग ते खत आळ्यात द्यावे, हा मार्ग इथे उपयोगी. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का बनाना स्पेशल’ आणि तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राचे ‘बनाना शक्ती’ ही सूक्ष्म अन्नद्रव्यांची मिश्रणे पानांवर फवारण्यासाठीच तयार केलेली आहेत. पानावरून गेलेल्या लोहाला मातीतल्या चुन्याची आडकाठी नसते.

मोरीचे पाणी तेच राहिले नाही

मोरीवर केळ लावायची पद्धत आपल्याकडे जुनी आणि शहाणपणाची. सांडपाण्याचा निचरा होतो, केळीला रोज ओल मिळते आणि घाण साचत नाही. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्या पाण्यात काय होते? भांडी चुलीतल्या राखेने घासली जात. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते आणि ते पाण्यात विरघळते. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ भांडी घासताना केळीला पालाशाचा पातळ हप्ता आपोआप जात होता. जोडीला तांदूळ-डाळ धुतलेले पाणी, खरकट्यातले कण आणि शिकेकाईचे पाणी. केळीला वेगळे खत घालावे लागते हे कोणाच्या मनातही येत नसे, कारण घरच खत घालत होते.

आता चूल गेली, राख गेली. भांड्यांना वडी किंवा लिक्विड आणि कपड्यांना पावडर आली. पावडरीत धुण्याचा सोडा असतो, म्हणजे सोडियम कार्बोनेट. राखही अल्कधर्मी आणि सोडाही अल्कधर्मी. पण एकात पालाश होते, दुसऱ्यात सोडियम आहे. पालाश केळीचे अन्न. सोडियम तिला नको असलेला क्षार, आणि काळ्या मातीला तर शत्रूच. सोडियम वाढले, की मातीचे कण सुटे होतात, वरची माती गच्च बसते, पाणी मुरत नाही. शेतकऱ्यांच्या भाषेत ती चोपण होते. पद्धत तीच राहिली, पण पाण्यातला माल बदलला आणि ते आपल्या ध्यानात आले नाही.

शुक्रवार पेठेतल्या एका परसातली केळ मी ऐन मे महिन्यात जवळून पाहिली. आळ्याच्या काठावर पांढरी पापुद्र्यासारखी साय धरली होती. बोटाने उचलली तर चुरा झाला. खालच्या तीन पानांच्या कडा बाहेरून आत तपकिरी-काळ्या होत वाळलेल्या, मधला भाग मात्र हिरवा. वरचे नवे पान अरुंद आणि फिकट. घरच्यांनी पालाश कमी असेल म्हणून बुंध्याभोवती राखेचे कडे घातले होते आणि कपड्यांचे पाणी नळीने थेट आळ्यात सोडले होते. पालाशाच्या कमतरतेतही जुन्या पानांच्या कडा वाळतात, पण आधी पान टोकाकडून नारिंगी-पिवळे होते आणि मग सुकून वळते. इथे पिवळेपणा न येता कड थेट करपलेली होती आणि मातीवर क्षार उघड दिसत होता. हा भुकेचा प्रकार नव्हता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तशी चुनखडीच्या मातीत राखेची भर पडली होती.

म्हणून पहिले काम पाण्याची वाटणी. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी केळीला खुशाल द्यावे. आंघोळीचे पाणी साबण मोजका असेल तर चालते. कपड्यांचे आणि भांड्यांच्या लिक्विडचे पाणी गटारात जाऊ द्यावे. आणि हल्ली घरोघरी बसलेल्या आरओ फिल्टरचे नळीतून वाहणारे पाणी स्वच्छ दिसते म्हणून केळीला देऊ नये. घरातल्या पाण्यातले सगळे क्षार त्यातच जमा झालेले असतात. बोअरच्या जड पाण्यावर केळ असेल तर पावसाळ्यात आळे मोठे करून पावसाचे पाणी मनसोक्त मुरू द्यावे. क्षार खाली धुऊन न्यायला त्याहून स्वस्त उपाय नाही.

शेण, लेंडी आणि पेंड

सेंद्रिय खतांबद्दल बोलताना आपण गुण सांगतो, वजन सांगत नाही. चांगल्या शेणखतात नत्र आणि पालाश साधारण अर्धा-अर्धा टक्का आणि स्फुरद पाव टक्का. म्हणजे दहा किलोच्या पाटीत ५० ग्रॅम नत्र आणि ५० ग्रॅम पालाश, तेही हळूहळू मिळणारे. मूठभर शेणखत घालून ‘सेंद्रिय खत दिले’ म्हणण्यात अर्थ नाही. केळीला पाटीनेच द्यावे लागते.

लेंडीखत त्यामानाने जड. त्यात नत्र तीन टक्क्यांच्या आणि पालाश दोन टक्क्यांच्या आसपास असते. पूर्वी शेतात मेंढ्या बसवायला धनगरांना धान्य द्यावे लागे, ते उगीच नव्हे. शहरात जागा अपुरी आणि पोती वाहून आणायची, तेव्हा पाच किलो लेंडीखत पंचवीस किलो शेणखताला भारी पडते. फक्त ते पूर्ण कुजलेले हवे. ताजे शेण किंवा ताज्या लेंड्या घातल्या, की मुळे भाजतात आणि हुमणीला घर मिळते.

पेंडींमध्ये निंबोळी पेंड सगळ्यांना माहीत आहे; नत्र पाच टक्क्यांच्या जवळ आणि जमिनीतल्या किडींना थोडा आळा. सोलापूर हा करडईचा मुलूख. इथे करडईवर संशोधन करणारे केंद्रही आहे. न सोललेल्या करडईच्या पेंडीतही नत्र जवळजवळ पाच टक्के असते. जनावरांना चालण्याजोगी पेंड खतात घालणे परवडत नाही, पण घाण्यावर पडून राहिलेली, बुरशी आलेली पेंड स्वस्तात मिळाली तर केळीला तिचे सोने होते. पेंडीत पालाश मात्र जेमतेम एक-दीड टक्का. तिच्यावर घड पोसत नाही.

कंपोस्टची गोष्ट निघाली, की अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव येते. इंदूरला त्यांनी जी पद्धत बसवली तिच्यावरचे १९३१ चे पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्यासह लिहिले, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची ‘नाडेप’ टाकी देशभर गेली: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, जाळीदार विटांची. पेठेत दहा फुटांची टाकी बसायची नाही. पण तत्त्व तेच ठेवून भोके पाडलेल्या ड्रममध्ये काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर रचले, की तीन-चार महिन्यांत काम होते. केळीची जुनी पाने आणि तुकडे केलेले खोड त्यात पडले पाहिजे. नवसारी कृषी विद्यापीठाने तर केळीच्या खोडाच्या रसापासूनच द्रवखत तयार केले आहे. त्या खोडात किती ऐवज असतो याचा हा पुरावा.

युगांडात घराला लागून असलेल्या केळीच्या बागा पिढ्यानपिढ्या टिकतात आणि घरापासून लांब गेलेल्या लवकर थकतात, असे दिसते. कारण स्वयंपाकघरातला कचरा आणि पालापाचोळा घराजवळच्या केळींनाच मिळतो. हल्लीच्या पर्माकल्चरवाल्यांची मधे कचऱ्याचा खड्डा आणि भोवती केळी, ही रचना त्याच विचाराची. शुक्रवार पेठेत गोल रिंगण करायला जागा नसली, तरी एका बाजूला फूट-दीड फुटाचा खड्डा आणि त्याच्या काठावर केळ, इतके जमते.

घरगुती उपायांची झडती

केळीच्या साली: त्यांत पालाश आहे हे खरे, पण ताज्या सालीत नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणी असते. एका डझनाच्या साली अर्धा किलो भरल्या, तरी त्यातून पालाश तीन ते पाच ग्रॅमच्या पुढे जात नाही. झाडाला २०० ग्रॅम द्यायचे तर घरात चाळीस ते पासष्ट डझन केळी खाल्ली पाहिजेत. साली कंपोस्टमध्ये जरूर टाकाव्यात. त्यांचे पाणी करून देण्यात विशेष काही नाही.

राख: तांबड्या, आंबट मातीत, म्हणजे कोकणात, ती केळीला उत्तम. सोलापूरच्या चुनखडीत ती सामू आणखी चढवते. थोडी राख कंपोस्टच्या थरांत चालेल, बुंध्याभोवती नको.

अंड्याची टरफले: ती म्हणजे चुनाच. सोलापूरकराने चुना विकत घेऊ नये, तसा फुकटही घेऊ नये.

चहाचा चोथा: साखर-दूध धुऊन कंपोस्टमध्ये. एप्सम सॉल्ट: यात मॅग्नेशियम असते आणि काळ्या मातीत ते सहसा कमी नसते, पालाश फार ओतले तरच त्याची टंचाई होते.

ताक आणि जीवामृत: विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी लोकप्रिय केलेल्या जीवामृतात २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती असते. वजन मांडले तर त्यात अन्नद्रव्ये फार थोडी. ते जिवाणूंचे विरजण आहे. आळ्यात भरपूर कुजणारा पाला असेल तर त्याला काम मिळते. उघड्या, चोपण मातीत विरजण घालायला दूधच नसते. ताकाचेही तसेच. तोटा नाही, पण पोटभर जेवण म्हणून त्याकडे पाहू नये.

रासायनिक खते: कोणती आणि का

सेंद्रियच हवे असे ज्यांचे ठरलेले आहे त्यांनी लेंडीखत, पेंड आणि केळीचेच खोड यांवर भर द्यावा. घड थोडा लहान येईल, पण येईल. ज्यांना रासायनिकाची अडचण नाही त्यांनी पालाश निवडताना सावध असावे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असते, पण जोडीला क्लोराइडही भरपूर. शेतात निचरा आणि पाणी असते, तिथे ते धुऊन जाते. जिथे क्षाराची साय आधीच दिसते त्या परसात सल्फेट ऑफ पोटॅश बरे. त्यात पालाश ५० टक्के, वर गंधक. कृषी सेवा केंद्रात ०:०:५० या नावाने किलोच्या पिशवीत ते मिळते. महाग वाटते, पण एका केळीला वर्षाला पाव किलोच्या आत लागते.

आपला देश म्युरेट ऑफ पोटॅश बाहेरूनच आणतो. साखर आणि मद्यार्काच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मळीपासूनचे पालाश, ‘पीडीएम’, आता अनुदानाच्या यादीत आले आहे. त्यात पालाश साडेचौदा टक्के. सोलापूरसारख्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात ते जवळचे वाटेल. पण मूळची ती राख आहे, म्हणून चुनखडीच्या परसात तेही बेताने.

वेळ साधणे

घडाला किती फण्या लागणार हे केळ निसवते तेव्हा ठरत नाही. ते आधीच, चार-सहा महिन्यांची असताना, खोडाच्या आत ठरून जाते. म्हणून कमळ बाहेर आल्यावर शेणखताची पाटी ओतणे म्हणजे वरातीमागून घोडे. नत्र पहिल्या पाच-सहा महिन्यांत, पालाश चौथ्या महिन्यापासून घड भरेपर्यंत. निसवताना झाडावर दहा-बारा निरोगी पाने हवीत. नैवेद्याला आणि पंगतीला एका केळीवरची पाने सरसकट कापली, तर कितीही खत द्या, घड पोसायला कारखानाच उरत नाही.

मुनव्यांचा हिशेबही खताचाच. आई-केळीच्या भोवती सहा-सात मुनवे ठेवले, की सगळे एकाच ताटात जेवतात. एक तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा पुढच्या पिढीसाठी राखावा, बाकीचे काढावेत. श्रावणात सत्यनारायणाच्या चौरंगाला चार खुंट लागतातच. विरळणी आणि पूजा एकदमच होते. घड उतरल्यावर आईचे खोड बुडातून न तोडता कमरेएवढे ठेवावे. त्यातला रस आणि अन्न काही आठवडे राखलेल्या मुनव्याला मिळत राहते. मग ते चिरून आळ्यातच पसरावे.

भारतीय बागवानी संशोधन संस्थेची आणखी एक युक्ती परसासाठी फार सोयीची आहे. शेवटची फणी उघडली, की केळफूल कापायचे आणि उरलेल्या दांड्याच्या टोकाला एक प्लास्टिकची पिशवी बांधायची. पिशवीत ५०० ग्रॅम ताजे शेण आणि १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवलेले साडेसात ग्रॅम युरिया व साडेसात ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. चुना आणि क्षार यांना वळसा घालून अन्न थेट घडात जाते. कापलेल्या केळफुलाची भाजी होतेच.

एका केळीचे वर्ष

या साऱ्यातून पेठेतल्या एका केळीसाठी माझ्या मते बसणारी आखणी अशी. मे महिन्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन राडारोडा, पांढरी माती आणि खडी बाहेर काढावी आणि ऊन खाऊ द्यावे. जूनमध्ये चांगली काळी माती, १५ किलो शेणखत किंवा त्याऐवजी चार किलो लेंडीखत, २५० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि पाव किलो निंबोळी पेंड यांनी तो भरावा आणि मुनवा किंवा रोप लावावे. पुढे दर महिन्याला ४० ग्रॅम युरिया, असे सहा हप्ते. चौथ्या महिन्यापासून दर सहा आठवड्यांनी ५० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, असे चार हप्ते. शेणखतासह बेरीज केली तर नत्र १८० ते १९० ग्रॅम आणि पालाश १७५ ग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे राहुरीच्या आकड्यांच्या जवळच. मूठ प्रत्येकाची वेगळी, म्हणून पहिल्या वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजून घ्यावे.

ऑक्टोबरमध्ये हिराकस आणि जस्त मुरवलेले शेणखत. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, रात्री थंड असतात आणि केळ मंदावते. तेव्हा खत वाढवू नये. मार्चपासून आळ्यावर वीतभर पाल्याचे आच्छादन हवेच. उन्हाळ्यात केळीला रोज पंधरा-वीस लिटर पाणी लागते आणि नळ चार दिवसांआड येतो, तेव्हा ओल धरून ठेवणारा पाला हा खतापेक्षा मोलाचा. कोरड्या मातीत खत कधीही देऊ नये. गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये लावलेल्या केळीला हीच मात्रा निम्मी, पण पंधरा दिवसांनी विभागून. आळ्याजवळ काकडी-दोडक्याचे वेल नकोत. मावा तिथून केळीवर विषाणू आणतो.

केळीवरचे संशोधन शेतासाठी झालेले आहे, पेठेतल्या राडारोड्यासाठी नाही. म्हणून आपल्या परसापुरता प्रयोग आपल्यालाच करावा लागतो आणि तो सोपा आहे. माती एकदा तपासून घ्यावी, सामू आणि क्षार किती आहेत ते लिहून ठेवावे, आणि दरवर्षी निसवण कोणत्या महिन्यात झाली व फण्या किती लागल्या याची नोंद करावी. दोन वर्षांत आपल्या केळीला काय मानवते ते कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त नेमके कळेल. आणि खर्च करायचाच असेल तर क्रम असा ठेवावा: आधी मोरीचा पाइप वळवायला प्लंबर, मग माती-परीक्षण, मग लेंडीखताचे पोते, आणि सगळ्यांत शेवटी दुकानातली पुडी.